पाऊल पुसून निघायचं

१

खोली झाडणं कुणालाही येतं. खोलीतून निघणं मात्र शिकावं लागतं.

त्या जहाजाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर श्रीमंतांचे मोठे सुइट होते, आणि तिथं कामाला येणाऱ्या बायकांना ही शिकवण पहिल्या दिवशीच मिळायची. गादी झाली, बाथरूम झालं, काचा पुसल्या, फुलदाणीतलं पाणी बदललं, की सगळ्यात शेवटी गालिचा. काचेच्या दारापासून सुरुवात करायची आणि झाडायचं मशीन पुढं-मागं ओढत, पाठ बाहेरच्या दाराकडे ठेवून, हळूहळू मागं सरकायचं. गालिच्याची लव सगळी एका अंगाला निजली पाहिजे, नुकत्या विंचरलेल्या केसांसारखी. आपलं शेवटचं पाऊलही आपणच पुसायचं आणि मग उंबरा ओलांडायचा. पाहुण्यानं दार उघडलं की त्याला वाटलं पाहिजे, इथं कुणी आलंच नव्हतं, खोली मुळात अशीच जन्माला आली.

वहिनीला हे पटकन जमलं. तिच्या नणंदेला तिच्याहूनही छान जमलं.

नणंद-भावजय एका घरात सुखानं नांदल्या तरी लोक नजर काढतात. या दोघी तर एका जहाजावर, एका मजल्यावर, एकाच ट्रॉलीला जुंपलेल्या. नणंद वयानं लहान. तिला चिडवायला म्हणून वहिनी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ‘वन्सं’ म्हणायची, आणि तेच नाव चिकटलं. जहाजावर तऱ्हेतऱ्हेच्या मुलखांतली माणसं. त्यांना वाटलं, हीच यांची खरी नावं. मग स्वयंपाक्यापासून सुतारापर्यंत सगळे एकीला वहिनी आणि दुसरीला वन्सं म्हणायला लागले. एक म्हातारा इंजिनवाला तर वन्सं समोर आली की मान लववायचा. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की ही फार मोठी पदवी आहे.

वन्संचं लग्न मोडलेलं होतं. माहेरी परत आली ती एका पिशवीनिशी, आणि तेव्हापासून भावाच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला अंथरूण घालून निजायची. कुणी तिला बोललं नाही, पण आपली म्हणावी अशी एक खुंटीसुद्धा तिला नव्हती. वहिनीनं जहाजावरच्या कामाचं काढलं तेव्हा ही म्हणाली, मीही येते.

सासूबाईंची दृष्टी गेलेली. त्या दारासमोर खुर्ची टाकून बसत आणि जिन्यावर पाऊल वाजलं की कोण आलं ते सांगत. लेकीचं पाऊल तर त्यांना झोपेतही कळे. लहानपणी वन्संच्या पायावर जड पाटा पडला होता; तेव्हापासून करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली आणि तो पाय किंचित घसटत यायचा. टप… सर्र. टप… सर्र.

निघताना सासूबाईंनी सुनेचा हात धरला. रडल्याबिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “नेतेयस तशी आण. अख्खी. अर्धीमुर्धी आणलीस तर दारात घेणार नाही, सांगून ठेवते.”

वहिनी हसली होती. तिला वाटलं, पोरीच्या तब्येतीचं म्हणतायत.

२

जहाजाच्या पार मागच्या टोकाला, कोपऱ्यावर, सगळ्यात मोठा सुइट होता. तो कुणीतरी अख्ख्या सफरीसाठी घेऊन ठेवला होता आणि माणूस काही चढलंच नाही. आजारी पडलं, भांडलं, विसरलं, देव जाणे.

मजल्यावरचा साहेब रोज पांढरे हातमोजे घालून कडांवरची धूळ बघत फिरायचा, म्हणून त्याचं नाव हातमोजे. त्यानं सांगितलं की खोली घेतलेली आहे, तेव्हा ती रोज व्हायला हवी. चादर बदलायची, फळं बदलायची, गालिचा विंचरायचा. माणूस मधल्या कुठल्याही बंदरावर येऊन चढेल. तोवर ते आत आहे असंच समजून वागायचं.

दोघींना ती खोली आवडायची. उष्टं नाही, केस नाहीत, टबाला साबणाचा थर नाही. बाहेर बैठकीची खोली, आत निजायची. पलंग असा की त्यावर एक कुटुंब नांदावं. आणि समोर भिंतभर काच, काचेपलीकडे बाल्कनी, बाल्कनीपलीकडे नुसतं पाणी. त्या दोघी निजायच्या ती केबिन पार पोटात. तिला खिडकी नव्हती. वर-खाली दोन फळ्या, इंजिनाची घरघर, आणि वरच्या फळीवर वन्संचं घोरणं. दोन्ही एका सुरात.

एका सकाळी चादर ताणता ताणता वन्सं थांबली. बूट काढले, मोजे काढले. खोलीत अनवाणी चालायचं नाही असा नियम होता.

“अगं, हातमोजे आला तर?” वहिनी म्हणाली.

“येऊ दे. एकदा पाय टेकून बघते.”

ती पलंगापासून काचेपर्यंत चालत गेली. सायीवरून चालावं तशी. काचेला दोन्ही तळवे लावून उभी राहिली. बराच वेळ. वहिनीला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती पाठ, आणि नाकासमोर काचेवर उमटणारी वाफ.

मग ती हसत म्हणाली, “वहिनी, मला इथंच ठेवून जा.”

“आणि सासूबाईंना काय सांगू? सामान जास्त झालं म्हणून सोडून आले?”

दोघी हसल्या. मग वन्संनं बूट चढवले, मशीन हातात घेतलं आणि काचेपासून दारापर्यंत मागं सरकत आपली पावलं आपणच पुसली. काम इतकं सफाईदार की लव कुठं मोडलेली दिसेना.

दार ओढताना वहिनीनं सहज आत पाहिलं. काचेवरची वाफ अजून गेली नव्हती. काच गार असते, तिला वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर पावलं होती.

पलंगापासून काचेपर्यंत. अनवाणी. नुसती जाणारी, परत येणारी एकही नाही. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, आणि दर पावलामागे लवेवर एक बारीक ओरखडा, पाय घसटल्यासारखा.

“काल नीट पुसलं नाहीस,” वहिनी म्हणाली.

“पुसलं की. तुझ्यासमोर तर पुसलं.”

खरं होतं. मग दोघींनी मिळून कारण शोधलं. इस्त्रीची घडी नाही का, धुतली तरी जात नाही. लवेलाही तसंच वळण लागलं असेल. वन्संनं मशीन फिरवलं आणि त्या निघाल्या.

तिसऱ्या दिवशी पावलं परत होती, आणि जास्त. पलंगापासून काचेपर्यंत तर होतीच, पण आरशापाशी गेलेली, खुर्चीपाशी थांबलेली, टबाच्या कडेपर्यंत जाऊन वळलेली. एखादी बाई सकाळी उठून घरभर फिरावी तशी.

वहिनी भुताखेतांतली नव्हती. दुधाला विरजण लागलं नाही तरी तिला कारण हवं असायचं. तिनं वन्संला बैठकीच्या खोलीत धूळ पुसायला लावलं, आपले बूट काढले आणि पलंगाशेजारी आपलं पाऊल जोर देऊन उमटवलं. गालिच्यालाच खोड असेल तर माझंही उमटेल, असा हिशेब. मग वन्संनं नेहमीसारखं मशीन फिरवलं.

सकाळी वहिनीचं पाऊल नव्हतं. लव तिथं सपाट होती. आणि तिच्या जागेला वळसा घालून, अंगावर पाय पडू नये म्हणून कुणी बाजूनं जावं तशी, ती दुसरी पावलं काचेकडे गेली होती.

४

मग वहिनीला राग आला. भीतीपेक्षा राग बरा. तो धरायला सोपा असतो.

तिला वाटलं, ही चोरून येते. कामातून डोळा चुकवून इथं येऊन मालकिणीसारखी फिरते. हातमोजेला कळलं तर दोघींची गठडी वळून पहिल्या बंदरावर उतरवतील. जेवणाच्या हॉलमध्ये तिनं विषय काढला, आधी आडून, मग सरळच.

वन्संनं चमचा खाली ठेवला. “चावी तुझ्या गळ्यात, आणि चोर मी?”

त्या सुइटची चावी वहिनीच्या गळ्यातल्या पट्ट्यालाच होती. अंघोळीलाही ती पट्टा काढत नसे. तिनं माफी मागितल्यासारखं केलं, आपल्या ताटातला गोड पदार्थ नणंदेकडे सरकवला. वन्संनं तो तसाच बाजूला ठेवला. गोडासाठी जीव टाकणारी बाई.

त्यानंतर वन्सं बदलली, आणि वाईट असं काही म्हणता येईना. उलट झालं ते सगळं चांगलंच. वरच्या फळीवरचं घोरणं बंद झालं. उलट उत्तर देणं बंद झालं. हात पूर्वीपेक्षा भरभर चालायला लागले. आणि लोखंडी जिन्यावर तिच्या पायांचा आवाज यायचा तो येईनासा झाला. पाय घसटत नव्हता. ती सरळ, हलकी चालत होती, जशी पाटा पडण्याआधी चालत असेल.

वहिनीला आधी बरं वाटलं. समुद्राची हवा मानवली म्हणाली. इंजिनवाल्यानं मात्र मान लववणं सोडलं. वन्सं समोरून आली तरी तो हातातलं काम करत राहायचा. वहिनीनं विचारलं, रुसलात का? तो गोंधळला. म्हणाला, कधी गेली? मला दिसली नाही.

एका दुपारी त्या कोपऱ्यावरच्या सुइटमध्ये वहिनी टबात वाकून नळाची कडी घासत होती. बाहेर काचेच्या दारापाशी लाकडाची एक पट्टी होती. गालिच्यावर पाय वाजत नाही, पण त्या पट्टीवर वाजतो. तिथून आवाज आला.

टप… सर्र.

वहिनीला उगाच भरून आलं. किती दिवसांनी ऐकलं. तिनं मान न वळवता हाक मारली, “वन्सं, तो कोरडा फडका दे गं.”

“घे,” वन्सं म्हणाली, तिच्या पाठीशी, हातभर अंतरावरून. ती मघापासून तिथंच उभी राहून आरसा पुसत होती.

बाहेरच्या पट्टीवर पुन्हा वाजलं. मग थांबलं, दाराआड कुणीतरी ऐकत उभं राहावं तसं.

वहिनीनं वन्संकडे पाहिलं. वन्सं आरसा पुसत राहिली. तिला तो आवाज आला नाही, की आला आणि तिनं दाखवलं नाही, हे वहिनीला सांगता आलं नसतं.

५

सफर संपत आली तेव्हा हातमोजे स्वतः खोली बघायला आला.

गालिचा विंचरून झाला होता. दोघी मशीन घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या. त्यानं दारातूनच नजर फिरवली आणि पलंगाजवळच्या टेबलाकडे बोट दाखवलं. कालची फुलदाणी तिथंच राहिली होती. फुलांच्या माना पडलेल्या.

वहिनी मशीन बाजूला ठेवायला लागली, तोवर वन्सं आत गेलीसुद्धा. कामाच्या जड बुटांनी. सरळ टेबलापर्यंत गेली, फुलदाणी उचलली, वळली, परत आली. दारात उभी राहून हसली.

हातमोजेनं खाली गालिच्याकडे पाहिलं. वहिनीनंही पाहिलं.

काही नव्हतं. सगळी लव एका अंगाला निजलेली, दारापासून टेबलापर्यंत सरळ, तकतकीत. मांजर गेलं असतं तरी उमटलं असतं.

“शाब्बास,” हातमोजे म्हणाला. “काम असं पाहिजे. माणूस आलं-गेलं कळता कामा नये.”

तो पुढच्या खोलीकडे गेला. वहिनीनं ट्रॉलीचा दांडा धरला आणि स्वतःशी भांडायला लागली. नवे बूट असतील. हलकी झालीय, जेवत कुठं नीट. उन्हाची तिरीप पडली की लव दिसत नाही. एकेक कारण ती मनात मांडत होती आणि एकेक आपणहून गळून पडत होतं, त्या फुलदाणीतल्या पाकळ्यांसारखं. शेवटी एकच गोष्ट उरली, आणि ती तिला नको होती: रोज सकाळी आपण या खोलीतून कुणाला पुसून निघत होतो?

आणि मशीन कुणाच्या हातात होतं?

सासूबाईंचा हात तिला मनगटावर जाणवला. अर्धीमुर्धी आणलीस तर.

६

शेवटच्या सकाळी जहाज धक्क्याला लागलं. पाहुणे उतरून गेले. उतरण्याआधी कामवाल्यांनी खोल्या एकदा शेवटच्या करायच्या होत्या. कोपऱ्यावरच्या सुइटपाशी आल्यावर वहिनी म्हणाली, तू सामान घेऊन लिफ्टपाशी थांब, इथलं मी बघते.

“मशीन मी फिरवते ना,” वन्सं म्हणाली. “तुला ते नीट जमत नाही.” आणि तिनं मशीनच्या दांड्यावर हात ठेवला.

“आज राहू दे.”

“असं कसं? पुसल्याशिवाय निघायचं नसतं.”

अगदी गोड बोलली. पण हात काढेना. वहिनीनं तिच्या डोळ्यांत पाहायचं टाळलं, दांडा हिसकला, मशीन ट्रॉलीच्या आड ढकललं आणि एकटी आत गेली. दार मागं सताड उघडं ठेवलं.

भर सकाळ. खोलीत ऊन भरलेलं. गालिचाभर पावलं. कुठं सपाट जागा उरली नव्हती. येरझाऱ्या, येरझाऱ्या, पिंजऱ्यातल्यासारख्या. दारापर्यंत आलेली, उंबऱ्याशी थबकलेली, परत फिरलेली. रोज कुणीतरी दारापर्यंत यायचं आणि तिथून पुढं त्याला जाता यायचं नाही. आणि काचेसमोर दोन पावलं शेजारी शेजारी, खोल रुतलेली. तिथं कुणीतरी फार वेळ उभं होतं.

तिथं कुणी नव्हतं.

काचेवर मात्र, नाकाच्या उंचीला, वाफेचा एक ठिपका होता. तो लहान झाला. मोठा झाला. पुन्हा लहान झाला.

वहिनीला ओरडावंसं वाटलं, पण आवाज निघाला तो घरात सकाळी उठवताना निघतो तसा. “वन्सं,” ती म्हणाली. “चल गं. आई वाट बघतायत.”

ठिपका मोठा होता होता थांबला.

मग वहिनी वळली. त्या मजल्यावर आल्यापासून पहिल्यांदाच ती खोलीकडे पाठ करून, तोंड दाराकडे ठेवून, सरळ चालत बाहेर निघाली. काही झाडलं नाही, काही पुसलं नाही. मागं पाहिलं नाही, आणि उंबऱ्यावर जरा थांबली; लहान मूल मागं राहिलं की थांबतो तशी.

मागं लाकडी पट्टीवर वाजलं. टप.

लिफ्टमध्ये वन्सं सामान घेऊन उभी होती. वहिनीनं आत शिरून दार हातानं अडवून धरलं.

“कुणाची वाट बघतेस?” वन्संनं विचारलं.

“कुणाची नाही,” वहिनी म्हणाली, आणि तरीही हात लगेच काढला नाही.

७

घराच्या जिन्यावर नुकतीच फरशी पुसलेली होती. शेजारीण बादली घेऊन वर चालली होती. आलात का दोघी, जरा जपून, ओलं आहे, म्हणाली. वन्सं पुढं, दोन्ही हातांत सामान. वहिनी मागं. ओल्या फरशीवर वहिनी मान वर धरूनच पायऱ्या चढली. खाली बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

दार उघडंच होतं. सासूबाई खुर्चीत, नेहमीच्या जागी, कान जिन्याकडे लावून. वन्सं आत गेली, सामान ठेवलं, आईसमोर जाऊन उभी राहिली आणि हसली. पायाशी वाकली नाही, बोलली नाही. नुसती उभी राहिली.

वहिनी आत आली तशी सासूबाईंनी मान वर केली. “आलीस,” त्या म्हणाल्या. तोंडभर हसल्या. मग ते हसू हळूहळू उतरलं.

“एकटीच? ती कुठंय?”

त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर त्यांची लेक उभी होती.

घरात घड्याळ चाललं होतं, वरच्या मजल्यावर शेजारणीची बादली सरकली. सासूबाई हात पुढं करून हवेत चाचपायला लागल्या. वन्संनं एक पाऊल मागं घेतलं आणि हात रिकामा फिरला.

“तुला सांगितलं होतं मी,” सासूबाई म्हणाल्या. “काय सांगितलं होतं तुला?”

तेव्हा खाली जिन्यावर आवाज झाला.

टप… सर्र.

अनवाणी पायाचा, ओल्या फरशीवरचा. एक पायरी. जरा विसावा. दुसरी पायरी. लांबून चालत आलेलं, दमलेलं माणूस चढतं तसा.

सासूबाईंचा चेहरा उजळला. डोळ्यांतून पाणी आलं. “ती बघ. आली. किती दमलीय गं पोर. दार लावू नकोस.”

समोर उभ्या असलेल्या वन्संनं मान दाराकडे वळवली, आणि जहाजावरून उतरल्यापासून चेहऱ्यावर असलेलं ते हसू पहिल्यांदाच गेलं. त्याखाली काय होतं ते वहिनीला नीट दिसलं नाही. तिनं पाहून घेतलं नाही.

“वहिनी, दार लाव,” ती गोड आवाजात म्हणाली. “वारा येतोय.”

वारा नव्हता. आवाज शेवटच्या वळणापर्यंत आला होता. वहिनीचा हात दारावर होता. इतक्या वर्षांत त्या घरात सासूचं आणि नणंदेचं एकाच वेळी ऐकायची पाळी तिच्यावर बरेचदा आली होती, आणि दर वेळी तिनं काहीतरी मधलं काढलं होतं. आज मधलं काही नव्हतं.

तिनं दार लावलं नाही. पायानं धरून ठेवलं, भिंतीला टेकवून, आणि डोळे मिटले. कुणीतरी तिच्या अंगाला घासून आत गेलं. गार, ओलसर, समुद्राच्या वासाचं.

त्या घरात आता नणंद-भावजय पूर्वीसारख्या भांडतात म्हणे. घोरण्याचा आवाज जिन्यापर्यंत येतो. सासूबाई खूश आहेत. फक्त त्या घरचं दार दिवसभर उघडं असतं आणि ते लावायचं कुणी नाव काढत नाही. कारण आत आली ती एक, पण दुसरी होती ती बाहेर गेलेली कुणाला ऐकू आली नाही. तिच्या पायांना आवाजच नव्हता. सकाळी फरशी पुसली की ती वाळेपर्यंत वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. आणि पुसताना ती कधीच मागं सरकत पुसत नाही.